कोंबड्यांचं आवार असं बांधा, की मुंगसाला वाटच सापडू नये

माझ्या पहिल्या आवाराच्या दाराखाली तीन बोटांची फट राहिली होती. जमीन तिथे आधीच खोलगट, पावसात माती आणखी वाहून गेली, आणि उद्या दगड लावू म्हणता म्हणता गणपती आले. गौरी-गणपतीच्या विसर्जनाला आम्ही सगळे नदीवर गेलो होतो. परत आले तर मागीलदारी एवढी शांतता, की हातातला पाट तिथेच ठेवून मी धावले. अंड्यावर येऊ घातलेल्या नऊ तलंगा आत पडल्या होत्या. प्रत्येकीची मान चावलेली, बाकी अंगाला धक्का नाही. दाराखालच्या ओल्या मातीत नखांचे बारीक ओरखडे होते आणि पट्टीच्या कडेला करड्या केसांचा झुबका अडकला होता. सासूबाईंनी तो चिमटीत धरून पाहिला आणि म्हणाल्या, "अगो, मुंगसाला जाळी कशाला फाडायला हवी? दारातनंच आलंय ते."

त्यानंतर मी दोन आवारं बांधली आणि शेजारपाजारच्या चार-पाच घरी बांधायला मदत केली. सगळीकडे दिसलं ते हेच, की आवार जाळीच्या मधोमध क्वचितच फुटतं. ते फुटतं जमिनीलगत, दाराला, कोपऱ्यात आणि छपराच्या सांध्याला. लोक मात्र सगळा पैसा जाळीवर घालतात आणि काठ सुतळीने बांधून मोकळे होतात. म्हणून इथे जाळीपेक्षा काठांवर जास्त लिहिलं आहे.

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात, लांज्याच्या बाजूला. तांबडी माती, खाली जांभा, चार महिने धो धो पाऊस. खालची मापं दहा-बारा गावरान कोंबड्यांसाठी आहेत. आवार १२ फूट लांब आणि १० फूट रुंद, म्हणजे एका कोंबडीला साधारण १० चौरस फूट जागा. देशावर किंवा विदर्भात बांधणार असाल तर पावसाची आणि पायाची बाजू थोडी बदलेल. बाकी सगळं तसंच.

येतं कोण, आणि कुठून

कोंबडी गेली की आधी जागा झाडून काढू नका. तिथेच बसा आणि नीट बघा. कोण आलं होतं ते कळल्याशिवाय कुठे दुरुस्ती करायची ते कळत नाही.

मुंगूस दिवसा येतं, बहुतेक माणसांची पाठ वळल्यावर. मान किंवा डोकं चावतं आणि आत शिरलं की एकावर थांबत नाही. कुत्री शिरली तर पिसांचा सडा पडतो, कोंबड्या इकडेतिकडे फेकलेल्या, बऱ्याचशा न खाल्लेल्या, आणि जाळीला पोक आलेला. बाऊल, म्हणजे रानमांजर, रात्री नाहीतर पहाटे येतं, एक कोंबडी उचलतं आणि झुडपाकडे पिसांची ओळ सोडून जातं. कोल्हाही उचलूनच नेतो. कांडेचोर, म्हणजे उदमांजर, झाडावरून छपरावर उतरतं. त्याची वाट नेहमी वरची, हे लक्षात ठेवा, कारण छपराला नुसती नायलॉनची जाळी टाकणाऱ्यांचं नुकसान बहुतेक तेच करतं.

पिल्लांचे वैरी वेगळे. भर दिवसा पिल्लू गायब झालं आणि मागे काहीच उरलं नाही, तर घार किंवा शिक्रा. कावळा आणि कुंभारकुकडा (भारद्वाज) ही जोडीही लहान पिल्लांवर टपलेली असते. रात्री पिल्लं कमी झाली आणि कोपऱ्यात ताजी माती उकरलेली दिसली, तर घूस. अंडी कवचासकट नाहीशी झाली, तर साप किंवा घोरपड. पिल्लू मेलेलं आहे, जखम दिसत नाही, पण डोक्यापासून अर्धं अंग चिकट ओलं आहे, तर सापाने गिळायचा प्रयत्न करून सोडलं आहे.

बिबट्याचं वेगळं सांगते. जाळीचं आवार बिबट्याला अडवू शकत नाही आणि तशी खात्री कुणी देत असेल तर विश्वास ठेवू नका. आवार दिवसासाठी. रात्री कोंबड्या चिऱ्याच्या, पक्क्या छपराच्या खुराड्यातच हव्यात, आणि खुराडं आवाराला जोडून असावं म्हणजे संध्याकाळी कोंबड्या आपणहून आत जातात.

जागा

घरातून, शक्यतो स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल अशी जागा निवडा. दिवसभर तिकडे नजर जाते, हाच निम्मा पहारा. पाणी साठतं ती जागा नको. माडाखाली किंवा पोफळीखाली तर मुळीच नको. सुकलेली झावळ वरून पडली की जाळीचं छप्पर एका झटक्यात वाकतं, आणि नारळ पडला तर विचारूच नका. आवारावर झुकलेल्या फांद्या तोडा, नाहीतर कांडेचोराला आयती शिडी मिळते. चारी बाजूंनी आठ-दहा फूट झाडझाडोरा साफ ठेवा. मुंगसाला उघड्यावरून यायला आवडत नाही, ते बांधाच्या नाहीतर झुडपाच्या आडोशाने येतं.

काम दिवाळीनंतर काढा. जमिनीत ओल असते, खड्डे सहज निघतात, आणि सिमेंटला पाणी मारायला विहिरीलाही पाणी असतं. मे महिन्यात काढलंत तर पहारीने खणताना हात भरून येतील.

जाळी घेताना

दुकानात "कोंबडीची जाळी द्या" म्हटलं की षटकोनी पिळाची पातळ जाळी पुढे येते. ती कोंबड्यांना आत ठेवण्यापुरती आहे. बाहेरच्याला बाहेर ठेवणं तिच्याने होत नाही. कुत्रा ती दाताने ओढून फाडतो, आणि कोंबडी जाळीला टेकून बसली असेल तर भोकातून पंजा घालून तिचा पाय किंवा डोकं ओढता येतं. मी स्वतः पहिल्या वेळी तीच घेतली होती, स्वस्त म्हणून.

वेल्डमेश, म्हणजे तारा एकमेकींना वेल्ड करून केलेली चौकोनी भोकांची जाळी घ्या. दोन प्रकारची लागेल. खालच्या दोन फुटांना आणि जमिनीवर पसरायला अर्ध्या इंचाच्या चौकोनाची, १८ गेज (गेज म्हणजे तारेच्या जाडीचं माप). वरच्या भागाला आणि छपराला एक इंचाची, १४ किंवा १६ गेज. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, हे दुकानात उलटं समजून पुष्कळ जण फसतात. १६ गेजची तार साधारण १.६ मिलिमीटर जाड असते, २२ गेजची ०.७ मिलिमीटर. हातात धरून पाहिलं की फरक लगेच कळतो.

आणखी एक गोष्ट पाहून घ्या. तार जिथे तारेला चिकटवलेली असते तो सांधा नखाने चाचपा. वेल्ड केल्यानंतर जस्त चढवलेलं असेल तर सांध्यावर जस्ताचा गुळगुळीत थर लागतो. आधीच जस्त असलेल्या तारा नंतर वेल्ड केल्या असतील तर सांध्यावर काळपट जळका डाग दिसतो, आणि गंज तिथूनच सुरू होतो. आमच्यासारख्या खाऱ्या, दमट हवेत हा फरक दोन पावसाळ्यांत दिसतो. चार पैसे जास्त गेले तरी पहिल्या प्रकारचीच घ्या.

सामान असं धरा: अर्ध्या इंची जाळी ४ फूट रुंदीची, ५० फूट लांब. घेर ४४ फूट आणि चार कोपऱ्यांचे तुकडे धरून एवढी पुरते. एक इंची जाळी भिंतींना आणि छपराला मोजून. दीड इंची जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपचे ११ खांब, शिवाय आडवे दांडे. बांधायला जीआय तारच घ्या. सेंट्रिंगवाले वापरतात ती काळी तार आमच्याकडे वर्षभरात हातात तुटते. त्याशिवाय सिमेंट, वाळू, खडी, ८ मिलिमीटरच्या सळीचे तुकडे, दोन चांगल्या बिजागऱ्या, दोन कड्या. लाकडी वासे घरचे असले तरी खांबाला वापरू नका. वाळवी आणि पाऊस मिळून त्यांना तीन वर्षं टिकू देत नाहीत.

खांब

दोरी लावून १२ बाय १०ची चौकट आखा आणि दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे भरले की चौकट काटकोनात आहे. लांब बाजूंना दर चार फुटांवर एक असे चार-चार खांब, आखूड बाजूंना मध्ये एकेक, आणि अकरावा दारासाठी.

खड्डा दीड फूट खोल. एक लांब बाजू जमिनीवर ७ फूट ठेवा आणि समोरची ६ फूट, म्हणजे छपराला उतार मिळतो आणि उभं राहून साफसफाई करता येते. कंबरेएवढ्या आवारात वाकून शिरावं लागतं, आणि ज्यात शिरायचा कंटाळा येतो ते झाडलं जात नाही. खांबाचा जमिनीत जाणारा भाग आणि वर चार बोटं डांबराने रंगवा. खड्ड्यात एकास दोनास चार या प्रमाणात काँक्रीट ओता, माथ्याला थोडा बाहेरचा उतार द्या म्हणजे पाणी खांबापाशी थांबणार नाही. तीन-चार दिवस पाणी मारा. तोवर जाळीला हात लावू नका, ओढ बसली की खांब कलतात.

जमिनीचा काठ: सगळ्यात मोठं काम इथे आहे

उकरणारं जनावर भिंतीच्या अगदी पायथ्याशी उकरतं. नाक जाळीला लागलं की तिथेच पंजे चालतात. दोन पावलं मागे जाऊन भुयार काढावं हे त्याला सुचत नाही. या सवयीचाच आपल्याला उपयोग करून घ्यायचा आहे.

चार फुटी अर्ध्या इंची जाळी लांबीत मधोमध काटकोनात वाकवा. सरळ फळीवर ठेवून वर दुसरी फळी दाबली की घडी स्वच्छ बसते. दोन फूट भिंतीला उभी, दोन फूट बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी. आधी बाहेरची दोन-तीन इंच माती गवतासकट काढून ठेवा, मग जाळी अंथरा. सळीचे तुकडे यू आकारात वाकवून दर दीड फुटाला ठोकून ती जमिनीला घट्ट करा. वर काढलेली माती आणि जांभ्याचे तुकडे पसरा. एक पाऊस गेला की गवताची मुळं जाळीत विणली जातात आणि मग ती माणसालाही उचलत नाही.

कोपऱ्यात ही आडवी जाळी फाकते आणि तिथे दोन फुटांचा मोकळा चौकोन राहतो. हा चौकोन विसरू नका. वेगळा तुकडा कापून दोन्ही बाजूंवर चार-चार बोटं चढवून तारेने शिवा.

जमिनीखाली कातळ असेल तर सळी शिरणार नाही. तिथे जांभ्या चिऱ्याचा एक थर सिमेंटात बसवून चौफेर जोतं करा आणि जाळीचा खालचा काठ ओल्या सिमेंटातच चार बोटं गाडा. आमच्या वरच्या बाजूला मी असंच केलं आहे. खर्च थोडा जास्त, पण घुशीची कटकट कायमची मिटते.

जाळी खांबांच्या बाहेरून लावा. कुत्र्याने अंग टाकलं तर ती खांबावर दाबली जाते. आतून लावली असेल तर सगळा जोर बांधलेल्या तारांवर येतो आणि त्या एकेक करून सुटतात. वरची एक इंची जाळी खालच्या जाळीवर चार बोटं चढवा. उभा सांधा नेहमी खांबावरच घ्या आणि दर चार इंचांवर तार पिळा. पिळलेली टोकं पक्कडीने जाळीलगत दाबून टाका, नाहीतर कोंबड्यांच्या डोळ्यांना आणि तुमच्या बोटांना इजा होते.

अर्धा इंच कशाला, एक इंच चालणार नाही का, असं नेहमी विचारतात. एक इंचाच्या भोकातून लहान साप आणि उंदीर आरामात जातात. आत जाऊन अंडं गिळलेला साप फुगल्यामुळे बाहेर पडू शकत नाही, आणि सकाळी अंडी गोळा करायला गेलेल्या माणसासमोर तो वेटोळं घालून बसलेला असतो. शेजारच्या काकूंच्या हाताशी असा नाग निघाला होता. अर्ध्या इंचातून सापाचं अगदी नुकतं बाहेर आलेलं पिल्लू शिरेलही, पण अंडं गिळण्याएवढा साप शिरत नाही.

सापासाठी म्हणून खाली नायलॉनची बारीक जाळी लावण्याचा सल्लाही देतात. तसं करू नका. साप तिच्यात अडकतो, सुटायच्या धडपडीत त्याचं अंग कापलं जातं आणि तो हाल होऊन मरतो. शिवाय अडकलेला, चिडलेला साप सोडवणं हे सर्पमित्रालाही धोक्याचं.

दार

माझ्या नऊ तलंगा दारातून गेल्या, म्हणून यावर मी जरा जास्तच बोलते.

खाली उंबरा हवाच. काँक्रीटचा, जमिनीपासून सहा इंच उंच, दोन्ही खांबांना भिडलेला. बाहेर दोन फुटांपर्यंत फरशी किंवा चिरे बसवा, म्हणजे जमिनीवरची जाळी दारापाशी तुटते तिथेही उकरता येणार नाही. दाराची चौकट लोखंडी अँगलची आणि तिला मधून तिरपी पट्टी हवी. तिरप्या पट्टीशिवाय दार सहा महिन्यांत लोंबतं आणि वरच्या कोपऱ्यात फट पडते. दार बाहेर उघडणारं ठेवून आतून चौकटीला पट्टी मारा. बंद झालेलं दार त्या पट्टीवर बसतं आणि कड झाकली जाते.

कड्या दोन. एक वर, एक गुडघ्याच्या उंचीवर. दार एकाच कडीवर असेल तर खालचा कोपरा ढकलल्यावर वाकतो आणि तेवढ्या वाकण्यात मुंगूस आत जातं. कोयंड्यात कुलूप किंवा निदान स्प्रिंगचा हूक घाला, कारण नुसती सरकती कडी माकडं उघडतात. बंद दाराच्या चारी बाजूंनी करंगळी फिरवून बघा. करंगळी शिरली तर तिथे पट्टी मारा.

छप्पर

आवार नेहमीच्या ये-जा करण्याच्या जागेत आणि पूर्ण उघड्यावर असेल तर घार-शिक्र्यांसाठी नायलॉनची जाळीसुद्धा पुरेल असं वाटतं. पण आपल्याकडे कांडेचोर आहे, बोके आहेत, वानर आहेत. वरही एक इंची वेल्डमेशच टाका. जाळी टाकण्याआधी दर दोन फुटांवर १२ गेजची तार आडवी ताणून घ्या. पाचोळा साचला किंवा वानराने उडी मारली तरी जाळीला झोळ येत नाही. छपराची कड भिंतीच्या जाळीवरून खाली चार बोटं वळवून तिथेही दर चार इंचांवर तार पिळा. वरचा सांधा शिडीवर उभं राहून करावा लागतो, हात दुखतात, आणि इथेच लोक तार एक फुटावर नेतात. कांडेचोर नेमकी तीच जागा शोधतं.

खुराड्याकडच्या चार फुटांवर पत्रा टाका. पावसात कोंबड्यांना कोरडी जागा, उन्हात सावली. आतली जमीन बाहेरच्यापेक्षा सहा इंच भरून घ्या, चर काढून पाणी बाहेर वळवा, आणि पत्र्याखाली भाताचं तूस चार इंच पसरा. ओल्या चिखलात रक्ती हगवण लागते. मुंगसापासून वाचवलेली कोंबडी हगवणीने गेली तर जीव तितकाच तुटतो.

तपासणी

कोंबड्या सोडण्याआधी एका माणसाला आत पाठवा, दुसऱ्याने बाहेरून गुडघ्यावर बसून पूर्ण फेरी मारावी. मांडीएवढ्या उंचीवर सगळा भार देऊन जाळी ढकला. जिथे ती खांबापासून सुटते तिथे तार कमी आहे.

मग संध्याकाळी आवाराभोवती हातभर रुंद राखेचा पट्टा टाका. चुलीची चाळलेली राख चालते. सकाळी ठसे वाचा. पाच बोटं आणि पुढे लांब नखांच्या टोचण्या असतील तर मुंगूस. गोल पंजा, चार बोटं, नखं दिसत नाहीत, तर मांजराची जात. चार बोटं आणि नखं असतील तर कुत्रा किंवा कोल्हा. ठसे ज्या जागी घुटमळलेले दिसतील ती तुमच्या आवाराची कच्ची जागा. मी नवीन आवाराला आठवडाभर हे केलं. तिसऱ्या दिवशी दाराच्या डाव्या खांबापाशी सगळे ठसे गोळा झालेले दिसले. हात लावून पाहिलं तर उंबरा आणि खांब यांच्यात सिमेंट भरायचं राहून गेलं होतं.

रोजचं आणि महिन्याचं

दिवेलागणीला कोंबड्या मोजून खुराड्यात घ्या. त्याआधी अंडी उचला आणि खाद्याची भांडी आत न्या. उरलेल्या दाण्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागून साप. कोंबडी कापल्यावर पिसं, आतडी आवाराजवळ टाकू नका, खोल पुरा. त्या वासाने कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो.

महिन्यातून एकदा पक्कड आणि तारेचं भेंडोळं घेऊन फेरी मारा. पावसाळ्यात दर आठवड्याला. जाळीवर चढलेले वेल काढा, ते ओल धरतात आणि गंज लपवतात. गंजलेला तुकडा दिसला की त्यावर नवीन तुकडा शिवा, जुना काढत बसू नका.

दोन गोष्टी अगदी कळकळीने सांगते. जाळीत घरातली वीज सोडू नका. मुंगसाआधी शेजारचं मूल हात लावेल. आणि विष किंवा फासे लावू नका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे मुंगूस, घोरपड, रानमांजर, नाग, बिबट्या या सगळ्यांना संरक्षण आहे, मारलं तर गुन्हा होतो. त्यापलीकडे, मुंगूस आणि धामण आपल्या शेतातले उंदीर खातात. बिबट्या फिरताना दिसला किंवा खुराड्यात अडकला तर दार बंद ठेवून लांब व्हा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. साप दिसला तर सर्पमित्राला बोलवा.

माझ्या आताच्या आवाराला चार पावसाळे झाले. मुंगूस अजून येतं. दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं, जाळीच्या कडेकडेने नाक घासत फिरतं, दारापाशी थांबतं, उंबऱ्याचा वास घेतं आणि फणसाच्या बुंध्यामागे निघून जातं.